गर्भातल्या बाळाच्या नडगीला बाक दिसतोय – पुढे काय?

रानजाई
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते. आज लिहायला बसले कारण डोकं चालेनासं झालंय. एकविसावा आठवडा चालू आहे. अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये, म्हणजे व्यंग बघायच्या सोनोग्राफीत, बाळाच्या उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड वाकलेलं दिसलं. रिपोर्टात एवढंच आहे: 'उजव्या टिबियाला बाक, उजवं पाऊल वर वळलेलं, बाकी रचना सामान्य.' डॉक्टर म्हणाल्या, घाबरू नका, फीटल मेडिसिनवाल्यांकडून (गर्भातल्या बाळाचे तज्ज्ञ) एकदा बघून घेऊ. ती तारीख पुढच्या आठवड्यातली.

तोवर मी नेटवर वाचत बसले. एके ठिकाणी 'आपोआप सरळ होतं', दुसरीकडे 'बाळ जगत नाही', तिसरीकडे 'पाय कापावा लागू शकतो'. हे सगळं एकाच गोष्टीबद्दल कसं असेल? कुणाला माहिती किंवा अनुभव असेल तर लिहा. गोड लिहू नका, खरं लिहा.

निवांत
मला यातलं काही कळत नाही, पण सोबत आहे. मोजपट्टीताई सोनोग्राफीवाल्या आहेत, त्या येतीलच. धागा वर राहावा म्हणून हा प्रतिसाद.

मोजपट्टी
आले. रानजाई, तू वाचलंस ते तिन्ही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या आजारांबद्दल आहे. हाड वाकलेलं दिसणं हे लक्षण. त्याच्यामागे निदानं ढिगाने. म्हणून स्कॅन करताना आम्ही आधी आजाराचं नाव शोधत नाही, आधी काही साध्या गोष्टी बघून घेतो.

वाकलंय ते एकच हाड की अनेक? एका पायाची नडगी वाकलेली, पण दुसरा पाय, दोन्ही मांड्या, दोन्ही हात सरळ आणि आठवड्यांच्या मानाने लांबीला बरोबर, असं असेल तर दोष बहुतेक वेळा त्या पायापुरता असतो. दोन्हीकडची हाडं, त्यातही मांडीची, वाकलेली आणि आखूड असतील तर सबंध सांगाड्याचा आजार म्हणजे स्केलेटल डिस्प्लेझिया मनात येतो. जिवावर बेतणारे आजार जवळजवळ सगळे या दुसऱ्या गटातले.

मग छाती. बाळ जन्मल्यावर प्रश्न असतो तो श्वासाचा. छाती पोटाच्या मानाने फारच अरुंद असेल तर फुप्फुसांना वाढायला जागा मिळत नाही. फेमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, लांबीला पोटाच्या घेराने भागलं आणि उत्तर ०.१६ च्या खाली आलं तर आम्ही सावध होतो. पाऊल आणि फेमर यांची लांबी या दिवसांत जवळपास सारखी असते. फेमर पावलाच्या बरंच मागे पडलं असेल, म्हणजे गुणोत्तर ०.८७ च्या खाली असेल, तर डिस्प्लेझियाची शंका बळावते. तुझ्या रिपोर्टात एफएल (फेमरची लांबी) आणि एसी (पोटाचा घेर) हे आकडे मिलिमीटरमध्ये असतील. भागाकार घरी कर हवं तर, निष्कर्ष घरी काढू नकोस.

हाडात कॅल्शियम नीट भरलंय का हेही बघतो. प्रोबने, म्हणजे पोटावर फिरवायच्या सोनोग्राफीच्या यंत्राने, हलकेच दाबल्यावर कवटी चेपत असेल, मेंदू नको इतका लख्ख दिसत असेल, फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी असतील (मोडून जुळल्याच्या खुणा), तर हाडं ठिसूळ असण्याचा आजार.

आणि जे तुझ्या रिपोर्टात नाहीच: बाक कुणीकडे आहे. फुगवटा पुढे की मागे, आतल्या अंगाला की बाहेरच्या? एकाच नडगीचा बाक असेल तेव्हा पुढचं सगळं यावर ठरतं. हे न लिहिलेला रिपोर्ट अर्धाच म्हणायचा. पुढच्या स्कॅनला हे आवर्जून विचार. सोबत हेही विचार की नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, पूर्ण दिसतंय का आणि पायाची बोटं पाच आहेत का.

जाता जाता: निरोगी बाळातही मांडीच्या हाडाची आतली कड जरा कमानदार दिसते, प्रोब तिरका धरला तर जास्तच. त्यामुळे एकाच चित्रावरून 'वाकलंय' म्हणायचं नसतं. दोन-तीन कोनांतून तसंच दिसलं तर खरं.

टेकडीवरून
आईच्या अंगात कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन कमी असलं की मुलांचे पाय वाकतात. गोळ्या वाढवून घ्या. एवढं सोपं असताना लोक जेनेटिक टेस्टच्या मागे का लागतात कळत नाही.

मोजपट्टी
टेकडीवरून, तुम्ही म्हणताय तो मुडदूस. तो बहुतेक करून बाळ काही महिन्यांचं झाल्यावर कळतो, आणि दोन्ही पायांत. एकाच पायाची नडगी गर्भातच वाकलेली असणं हा वेगळा प्रकार आहे. रानजाईने तिच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्यात, त्या सगळ्याच गरोदर बायकांना लागतात. डोस वाढवून हे हाड सरळ होणार नाही.

रानजाई
तिसऱ्या महिन्यात मी जिन्यात घसरले होते. त्याचं काही…?

मोजपट्टी
नाही. काढून टाक डोक्यातून.

सांधेजोड
मी लहान मुलांच्या हाडांचं काम करतो. दिशेचा मुद्दा मोजपट्टींनी काढलाच आहे, तर तो पुरा करतो.

फुगवटा मागे आणि आत (पोस्टेरोमीडियल): सोबत पाऊल वर वळलेलं असतं, त्याची वरची बाजू नडगीला जवळजवळ टेकते. दिसायला भयंकर, पण या सगळ्यांत सौम्य. बाक पहिल्या वर्षात झपाट्याने आणि पुढची दोन-तीन वर्षं सावकाश सरळ होत जातो. पाऊल त्याहून लवकर जागेवर येतं. उरतो तो लांबीतला फरक. हाड सरळ झालं तरी ती नडगी दुसरीपेक्षा आखूड राहते आणि वाढ पुरी होईपर्यंत फरक सेंटिमीटरमध्ये वाढत जातो. बहुतेकांत शेवटी ३ ते ५ सेंटिमीटर. म्हणजे 'आपोआप बरं होतं' हे पाऊणच खरं. पहिल्या दोन वर्षांत मूल छान चालायला लागलं की पालक फॉलोअप सोडतात, आणि मग नवव्या-दहाव्या वर्षी कंबर तिरकी दिसते म्हणून परत येतात. हे मी बरेचदा पाहतो.

फुगवटा पुढे आणि बाहेर (अँटेरोलॅटरल): इथे आमचे कान टवकारतात. हे हाड पुढे मोडू शकतं, आणि मोडलं की सहजी जुळत नाही. मोडल्या जागी खोटा सांधा तयार होतो, त्याला कंजेनिटल स्यूडार्थ्रोसिस म्हणतात. दीड ते अडीच लाख जन्मांत एक, म्हणजे दुर्मीळच. यातल्या निम्म्याच्या आसपास मुलांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (एनएफ-१) हा जनुकीय आजार असतो. उलट बाजूने पाहिलं तर एनएफ-१ असलेल्या शंभरातल्या पाचेक मुलांनाच नडगीचा हा त्रास होतो. या हाडाला सरळ करायच्या हेतूने कुणी कापायला निघालं तर थांबवा. कापलेलं हाडही तसंच जुळायचं नाकारतं. न मोडलेल्या हाडाला जपायचं, बाहेरून आधाराचा ब्रेस घालून.

याच गटात एक सौम्य अपवाद आहे: बाक पुढे-बाहेर, पण पायाचा अंगठा दुहेरी. त्यात हाड सहसा मोडत नाही.

फुगवटा पुढे आणि आत: फिब्युला अपुरी किंवा नसलेलीच. पायाची बाहेरची एक-दोन बोटं कमी असतात, पाय आखूड, घोटा डळमळीत. म्हणून बोटं मोजायची. फरक फार मोठा आणि पाऊल कामाचं नसेल तर पाऊल काढून कृत्रिम पाय लावण्याचा पर्याय इथे येतो. रानजाई, तू वाचलेलं 'पाय कापावा लागतो' हे या प्रकाराबद्दल किंवा न जुळणाऱ्या स्यूडार्थ्रोसिसबद्दल असणार.

पाऊल वर वळलेलं आहे म्हणतेस त्यावरून माझा कल पहिल्याकडे आहे. पण चित्र न पाहता छातीठोक सांगणार नाही.

अर्धविराम
पहिल्या प्रकाराचा बाप इथे हजर आहे. आमच्या लेकीच्या वेळी गर्भात कुणाला दिसलं नव्हतं, जन्मल्यावरच कळलं. पाऊल असं वर दुमडलेलं की टाच हेच पायाचं टोक वाटावं. नडगीच्या मागे, बाक होता तिथे, कातडीला खळी होती. एक्स-रेत कोन पन्नास अंशांच्या आसपास. नर्सने मोजा घालायचा प्रयत्न केला तर तो राहीचना.

आम्हाला शिकवलं ते असं: एका हाताने नडगी गुडघ्याच्या खाली धरायची, दुसऱ्या हाताने पाऊल हळूहळू खाली आणायचं, जरा धरून ठेवायचं, सोडायचं. लंगोट बदलताना दर वेळी. हाडाच्या बाकावर जोर द्यायचा नाही, फक्त घोट्यातून. मध्ये काही आठवडे प्लास्टर, मग रात्री घालायचा स्प्लिंट. पाऊल पहिल्या वाढदिवसाच्या आधीच सपाट टेकायला लागलं. बाक मला वाटत होता तितका लवकर गेला नाही, पण गेला.

आता ती चौथीत आहे आणि उजव्या बुटाच्या तळाला बाहेरून जाडी लावलेली असते. त्यातली खुबी सांगतो. जाडी टाचेपासून बोटांपर्यंत एकसारखी ठेवली तर पाय उचलताना अडखळतो. पुढच्या टोकाला ती निमुळती घासून घ्यायची, म्हणजे पाऊल पुढे लोळतं. आणि सोल हलका असलेलाच बूट निवडायचा. पळते, सायकल चालवते, भांडते. शाळेत एकदा कुणी 'उंच बूट' म्हणून चिडवलं, तर घरी येऊन मलाच विचारलं की दोन्ही बुटांना का नाही लावत!

आडवाटेवरची
अर्धविराम, वाचून बरं वाटलं. रानजाई 'गोड लिहू नका' म्हणाली म्हणून लिहिते. आमचा दुसरा प्रकार, पुढे आणि बाहेर.

मुलगा जन्मला तेव्हा पाय थोडासाच वाकडा होता. डॉक्टरांनी पाय बघता बघता त्याचं पोट आणि पाठ उघडून बघितली आणि दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग मोजायला लागले. मला कळेना, पायाच्या तक्रारीत पाठ कशाला? लहान मुलात ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग हा एनएफ-१ चा एक निकष आहे. पुढे रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. आम्हा दोघांत कुणालाच नाही.

रांगायला लागायच्या आधीपासून ब्रेस. पुढून-मागून दोन शिंपल्यासारखे तुकडे, मध्ये पाय. तरीही दीड वर्षाचा असताना साध्या पडण्यात हाड मोडलं. नंतर शस्त्रक्रिया: आजारी भाग काढून टाकला, कमरेच्या हाडातून काढलेलं हाड भरलं, आतून सळई, बाहेरून रिंगांचा इलिझारॉव्ह फिक्सेटर. टिबिया आणि फिब्युला एकमेकांना जोडून टाकली, त्याने पुन्हा मोडायची शक्यता कमी होते म्हणाले. जुळलं. मग पुन्हा एकदा मोडलं, पुन्हा जुळवलं. आता तो स्वतःच्या पायांवर शाळेत जातो, ब्रेस अजून आहे, आणि वाढ पुरी होईतो राहील असं धरून चाललोय.

हे गर्भात कळलं असतं तर? मी यावर खूप विचार केलाय. उपचार गर्भात नाहीतच. पण पहिल्या दिवसापासून योग्य माणसाकडे गेलो असतो, आणि सुरुवातीला एका ठिकाणी 'मोठा झाल्यावर बघू' म्हणून घालवले ते महिने वाचले असते.

पेशीपेशी
जेनेटिक काउन्सेलिंग करते. आडवाटेवरची, तुमचं उदाहरण नेमकं आहे: एनएफ-१ च्या निम्म्या केसेस नव्या बदलामुळे होतात, आईबापांत नसतो. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के. म्हणून बाक पुढे-बाहेर दिसला तर मी आधी आईबापांची कातडी बघते. गर्भाचे डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत, आईबापांचे दिसतात.

आता दुसऱ्या गटाबद्दल, जिथे अनेक हाडं वाकलेली असतात. रानजाईला बहुधा लागू नाही, पण हा धागा पुढे अनेकजण वाचतील.

कॅम्पोमेलिक डिस्प्लेझिया: एसओएक्स-९ या जनुकातला दोष. मांडीची आणि नडगीची हाडं वाकतात, खांद्याची पाती लहान राहतात, फासळ्यांच्या बाराऐवजी अकरा जोड्या असतात, हनुवटी मागे. श्वासनलिका मऊ असल्याने बरीच बाळं जन्मानंतर लवकर जातात. काही जगतात, त्यांना श्वास, कान, पाठीचा कणा यांचे उपचार वर्षानुवर्षं लागतात. एक्सवाय गुणसूत्रं असूनही बाहेरची जननेंद्रियं मुलीसारखी असणं हेही यात वारंवार आढळतं.

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणजे ठिसूळ हाडं: इथे बाक बहुतेक वेळा गर्भातच मोडून जुळल्यामुळे येतो. टाइप २ मध्ये बाळ वाचत नाही. टाइप ३ आणि ४ मध्ये मुलं मोठी होतात, बिस्फॉस्फोनेटच्या सलाइनने हाडं मजबूत करतात, मुलाबरोबर लांब होणाऱ्या सळया घालतात.

थॅनाटोफोरिक डिस्प्लेझिया टाइप १: जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखं वळलेलं फेमर आणि अगदी अरुंद छाती. यात आशा नसते, आणि तसं स्पष्ट सांगणं मी पसंत करते.

आणि हायपोफॉस्फेटेसिया, ज्याने भल्याभल्यांना चकवलंय. याचा एक सौम्य गर्भावस्थेतला प्रकार आहे: विसाव्या आठवड्यात हाडं चांगलीच वाकलेली, पण छाती ठीक, कवटी ठीक, आणि शेवटच्या तीन महिन्यांत व जन्मानंतर हाडं आपसूक सुधारत जातात. आईबापांपैकी एकाच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज कमी सापडणं हा धागादोरा. साधी, स्वस्त तपासणी, आणि ती करायचं राहून जातं. याच आजाराच्या गंभीर प्रकारावर २०१५ पासून एन्झाइमचं इंजेक्शन मान्यताप्राप्त आहे.

हे सगळे वेगळे ओळखायचे तर बाळाचा डीएनए लागतो, म्हणजे पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासणी. नुसता कॅरिओटाइप करून थांबू नका. त्यात गुणसूत्रांची संख्या आणि मोठे बदल कळतात, वरच्या आजारांतला एका अक्षराचा बदल दिसत नाही. त्यासाठी स्केलेटल डिस्प्लेझियाचं पॅनल (ठरावीक जनुकांची तपासणी) किंवा आईबापांच्या नमुन्यांसह एक्सोम (जवळजवळ सगळ्या जनुकांची तपासणी). रिपोर्टला आठवडे लागतात, त्यामुळे गर्भ ठेवायचा की नाही या निर्णयाची कायदेशीर मुदत कधी संपते हे नमुना देण्याआधी विचारून ठेवा.

मौनराग
आमचं कॅम्पोमेलिक होतं. पेशीपेशींनी लिहिलंय ते सगळं तसंच. नडग्यांच्या पुढच्या बाजूला, बाकाच्या टोकावर, छोट्या खळ्या होत्या.

फार लिहित नाही. एकच सांगते, ज्यांना कुणाला लागेल त्यांच्यासाठी: जनुकाचं निदान पक्कं करून घ्या, बाळ गेलं तरी. आमच्या वेळी नमुना जपून ठेवला म्हणून पुढच्या गरोदरपणात नेमकं काय शोधायचं ते माहीत होतं. दोष नवा असला तरी पुन्हा होण्याचा थोडा धोका राहतो, कारण आईबापांच्या काही बीजपेशींत तो लपलेला असू शकतो. दुसऱ्या वेळी अकराव्या आठवड्यानंतर वार तपासली. ती लेक आता दोन वर्षांची आहे.

निवांत
मौनराग 🙏

रानजाई
सगळ्यांना एकेक उत्तर द्यायला हवं, मौनरागताईंना सगळ्यात आधी. तुम्ही इथे लिहिलंत हे सोपं नव्हतं.

आज फीटल मेडिसिनला जाऊन आलो. मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टरांनी तो कागद मागून घेतला आणि एकेक करत दाखवत गेले. फुगवटा मागे आणि आत. फिब्युला आहे, तीही थोडी वाकलेली. बोटं पाच. पाऊल आणि फेमर सारख्याच लांबीचे. छाती, कवटी, हात, कणा सगळं ठीक. उजवी नडगी डावीपेक्षा मिलिमीटरमध्ये आखूड आहे. स्क्रीनवर पाऊल नडगीवर उलटं टेकलेलं स्पष्ट दिसलं, अर्धविराम म्हणाले तसं. पोस्टेरोमीडियल बाक वाटतोय असं लिहून दिलं. गर्भजल तपासणीचं बोलणं झालं, पण एकाच पायात आणि या दिशेला असल्याने त्यांचा आग्रह नव्हता, आम्ही नको म्हटलं. अठ्ठाविसाव्या आणि बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बघणार.

आता प्रश्न लांबीचा. किती फरक राहील हे आधी कळतं का?

सांधेजोड
उत्तम झालं. गर्भातलं निदान अंदाजी असतं, जन्मानंतर दोन्ही पायांचा पुढून आणि बाजूने एक्स-रे काढला की शिक्कामोर्तब. बाकामुळे सिझेरियन लागत नाही.

लांबीचं गणित ढोबळ पण बऱ्यापैकी भरवशाचं आहे. या प्रकारात आखूड नडगी दुसरीच्या ठरावीक टक्के मागे राहते आणि ते प्रमाण फारसं बदलत नाही. मुलींच्या पायाची लांबी साधारण तिसऱ्या वर्षी आणि मुलांची चौथ्या वर्षी अंतिम लांबीच्या निम्मी होते. म्हणजे त्या वयात जो फरक मोजाल त्याची दुप्पट ही शेवटच्या फरकाची अटकळ. मोजायची पद्धत घरगुती वाटेल इतकी साधी आहे: आखूड पायाखाली लाकडी ठोकळे सरकवत कंबर समतल करायची, ठोकळ्यांची उंची म्हणजे फरक. पक्क्या नोंदीसाठी उभं राहून पूर्ण पायांचा एक्स-रे, वर्षातून एकदा पुरे.

२ सेंटिमीटरपर्यंत बहुधा काही लागत नाही. २ ते ५ मध्ये लांब पायाच्या गुडघ्याजवळची वाढ योग्य वयात थांबवतात. छोटी शस्त्रक्रिया आहे, पण वेळ चुकली की उपयोग नाही, म्हणूनच फॉलोअप सोडू नका म्हणतो. ५ च्या वर असेल तर आखूड पाय लांब करण्याचा विचार: हाड कापून दिवसाला १ मिलिमीटर याप्रमाणे ताणायचं, आणि दर सेंटिमीटरमागे महिनाभर तरी फ्रेम. तेव्हाच उरलेला बाकही काढता येतो. लहानपणी मात्र बाक काढायला शस्त्रक्रियेची घाई करायची नाही.

रानजाई
ठोकळ्यांचं लिहून ठेवलं. अर्धविराम, स्प्लिंटबद्दल व्यनि करते.

अर्धविराम
करा. पहिल्या आठवड्यात कातडी कुठे लाल होते ते टाच आणि घोट्याच्या हाडावर बघायचं. दहा-पंधरा मिनिटांत लाली गेली नाही तर स्प्लिंट परत नेऊन तिथे पोकळ करून घ्यायचा, आत कापूस कोंबायचा नाही.

झुळूक
धागा एका दमात वाचला. माझ्या बहिणीच्या चोविसाव्या आठवड्याच्या रिपोर्टात 'दोन्ही फेमर्सना सौम्य बाक' असं आलंय. तिचंही आपोआप सरळ होईल ना?

मोजपट्टी
झुळूक, यावर नुसतं हो म्हणता येणार नाही. दोन्हीकडचं आणि मांडीचं हाड आहे, रानजाईपेक्षा वेगळा मामला. कदाचित प्रोबच्या कोनाचाच खेळ असेल. वेगळा धागा काढा आणि त्यात एफएल, एसी, पावलाची लांबी, छातीचा घेर, नडग्या-हातांची मापं आणि कवटीबद्दल जे लिहिलंय ते जसंच्या तसं टाका, नाव-गाव झाकून. आणि फीटल मेडिसिनची तारीख याच आठवड्यातली मागा, चोविसावा आहे.